एक किलोची ट्यूब आणि शिलाईचा दोरा

प्रश्न : मशीद बंदरला आमचा शिलाईच्या दोऱ्याचा घाऊक व्यापार आहे. वडिलांच्या पश्चात गेली तीन वर्षे तो मी पाहते. यंदा प्रथमच चीनहून न्हावा शेवामार्गे एक कंटेनर मागवला. त्यात तीन प्रकारचा माल आहे : ४०/२ (४० नंबरचा, दुपदरी) स्पन पॉलिएस्टरचे रंगीत कोन, भिवंडीत रंगवून घेण्यासाठी मोठ्या ट्यूबवरचा तोच दोरा कच्चा पांढरा, आणि होजियरीवाल्यांसाठी ओव्हरलॉकचा टेक्स्चर्ड धागा. पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवर तिन्हींपुढे ५४०१ १० हा कस्टमच्या शुल्कसूचीतला कोड होता, म्हणून आमच्या एजंटने बिल ऑफ एंट्रीतही (कस्टमकडे भरायच्या आयातीच्या पत्रकातही) तोच टाकला. आता कस्टमच्या अधिकाऱ्यांनी नमुने काढून शंका उपस्थित केली आहे. एजंट म्हणतो, 'ते सांगतील तो कोड मान्य करा आणि पैसे भरा, बंदरात माल पडून राहिल्याचं डिमरेज चढतंय.' बाजारातले जुने व्यापारी म्हणतात, 'दोरा तो दोरा, ५४०१ च लागतो.' मी काय करावे?
— एक वाचक, मुंबई

उत्तर :

स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील माहितीवरून माझे मत असे झाले आहे की, ज्या कोडवर हा सारा वाद उभा आहे तो ५४०१ आपल्या तीनपैकी एकाही मालाला लागू होत नाही. अधिकाऱ्यांची शंका रास्त आहे. तरीही एजंटच्या सांगण्यावरून ते म्हणतील तो एकच कोड सरसकट मान्य करून मोकळे होणे हे आपल्या हिताचे नाही, कारण आपला माल शुल्कसूचीच्या तीन निरनिराळ्या शीर्षकांत, म्हणजे चार आकडी गटांत, जातो आणि प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र व्हायला हवा.

आपल्याकडे ज्याने शिवता येते त्या प्रत्येक धाग्याला दोरा म्हणतात. कायद्याचे तसे नाही. सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत वस्त्रोद्योगाचा विभाग अकरावा आहे आणि त्याच्या टीप ५ मध्ये शिलाईच्या दोऱ्याची व्याख्या दिलेली आहे. ५२०४, ५४०१ आणि ५५०८ या तीन शीर्षकांपुरती ही व्याख्या बंधनकारक असून तिच्या अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. धागा दोन किंवा अधिक पदर एकत्र पिळून केलेला असावा. तो रीळ, कोन किंवा ट्यूबसारख्या आधारावर गुंडाळलेला असून आधारासह त्याचे वजन १,००० ग्रॅमपेक्षा जास्त नसावे. शिलाईसाठी म्हणून त्यावर फिनिशिंगची प्रक्रिया झालेली असावी. आणि त्याचा शेवटचा पीळ झेड असावा. यांतली एक अट जरी हुकली, तरी तो धागा प्रत्यक्षात शिलाईलाच वापरला जाणार असला तरीही शुल्कसूचीच्या दृष्टीने शिलाईचा दोरा राहत नाही, तो नुसता यार्न, म्हणजे साधा धागा, ठरतो.

ही व्याख्या पार केल्यावर पुढचा प्रश्न तंतूचा येतो. ५४०१ हे शीर्षक अखंड तंतूंच्या, म्हणजे फिलामेंटच्या दोऱ्याचे आहे, आणि आखूड तंतू कातून केलेला, म्हणजे स्पन दोरा ५५०८ मध्ये जातो. आपल्या रंगीत कोनाचा वीतभर दोरा उलट पिळून सोडवा, दोन्ही पदर वेगळे करा आणि त्यातला एक पदर आणखी उलगडून हलकेच ओढा. कापसासारखे बोटाच्या दीड-दोन पेरांएवढे तंतू निसटून हातात आले आणि कडेला बारीक लव दिसली, तर तो स्पन आहे. तंतू न तुटता सलग, चकचकीत आणि गुळगुळीत येत राहिले, तर तो फिलामेंट. ४०/२ स्पन या नावातच आपल्या मालाचे उत्तर असल्यामुळे रंगीत कोनांचा योग्य कोड ५५०८ १० ०० हा आहे. कोअर-स्पन दोऱ्याच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही, कारण त्यात गाभा फिलामेंटचा आणि वरचे वेष्टन आखूड तंतूंचे असते. तिथे वजनाने जे जास्त असेल ते ठरवते आणि त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो.

पीळ तपासणेही अवघड नाही. दोरा उभा धरून भिंगाखाली पाहिला की पिळाच्या तिरक्या रेघा दिसतात. त्या डावीकडून खालून उजवीकडे वर चढत असतील, तर त्या झेड या अक्षराच्या मधल्या रेघेशी जुळतात. उलट्या असतील, तर पीळ एस आहे. या अटीमागे कारागिरीचे कारण आहे. नेहमीच्या लॉकस्टिच मशीनवर टाका पडताना एस पिळाचा दोरा सैल होत जातो आणि त्याचे पदर सुटतात. म्हणून शिलाईच्या दोऱ्यात सुटे पदर एस दिशेने आणि शेवटची जोडणी झेड दिशेने पिळतात. फिनिशिंगचा अर्थही असाच कामाचा आहे. सिलिकॉन, मेण, पॅराफिन किंवा स्टार्चसारख्या द्रव्यांनी दोऱ्याचे घर्षण कमी करणे, सुईच्या उष्णतेत तो टिकवणे, स्थिर वीज साचू न देणे, त्याचे रूप सुधारणे, हे सगळे त्यात येते. आपल्या रंगीत कोनांवर हे झालेले असणारच, पण तसे पुरवठादाराकडून लेखी घ्या, कारण बोटाला लागणारा गुळगुळीतपणा हा कस्टमपुढे पुरावा ठरत नाही.

वजनाचा प्रश्न या कोनांपुरता येत नाही. ४०/२ दोरा साधारण साडेएकोणतीस टेक्सचा, म्हणजे एक किलोमीटर दोऱ्याचे वजन साडेएकोणतीस ग्रॅम. ५,००० वारांच्या कोनावर ४,५७२ मीटर दोरा येतो आणि त्याचे वजन सुमारे १३५ ग्रॅम भरते. प्लास्टिकचा कोन धरूनही हा आकडा मर्यादेपासून फार दूर राहतो.

आता तो कच्चा पांढरा माल, ज्याची मला खरी काळजी वाटते. वजनाच्या या अटीवर मी स्वतः एकदा चुकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आयातदाराला मी पॅकिंग लिस्टवरून सल्ला दिला होता. तीत प्रत्येक ट्यूबचे वजन ९८५ ग्रॅम लिहिलेले होते आणि एक किलोच्या आत आहे एवढे पाहून मी होकार दिला. माल आल्यावर भिवंडीच्या गोदामात काट्यावर ट्यूब ठेवली तेव्हा काटा १,०५५ वर थांबला, कारण ९८५ हे नुसत्या दोऱ्याचे निव्वळ वजन होते आणि छिद्रांची ती प्लास्टिकची डाय-ट्यूब वेगळी ७० ग्रॅमची होती. टिपेत 'आधारासह' हा शब्द स्पष्ट आहे आणि मी तो वाचलेलाही होता. पण पॅकिंग लिस्ट पाहताना निव्वळ की एकूण हे विचारायचे राहून गेले आणि त्याचा भुर्दंड त्या माणसाला पडला. तेव्हापासून ट्यूब स्वतः काट्यावर ठेवून पाहिल्याशिवाय मी वजनाविषयी मत देत नाही.

रंगवण्यासाठीच्या ट्यूब बहुधा किलोच्या आसपास किंवा त्याहून जड गुंडाळतात. आपल्या ट्यूब आधारासह १,००० ग्रॅमच्या वर असतील, तर प्रश्न तिथेच संपतो. पण त्या ९५० ग्रॅमच्या भरल्या तरी माझे मत बदलत नाही, कारण रंगाईपूर्वीच्या कच्च्या दोऱ्यावर सिलिकॉन किंवा मेण चढवलेले नसते. ते रंगवून झाल्यावर, शेवटच्या गुंडाळणीच्या वेळी लावतात. म्हणजे फिनिशिंगची अट हुकते. हा माल ५५०९ मध्ये, आणि त्यातही किमान ८५ टक्के पॉलिएस्टर असलेल्या बहुपदरी यार्नच्या ५५०९ २२ या उपशीर्षकात जातो. पुढच्या खेपेला ट्यूब ९०० ग्रॅमच्या करून मागवा असा सल्ला आपल्याला बाजारात कुणी तरी देईल. त्यामागे लागू नका. आपल्याला भिवंडीत रंगवायचा कच्चा मालच हवा आहे. त्याला कागदावर तयार दोऱ्याचे रूप दिले की नमुना प्रयोगशाळेत गेल्याबरोबर ते उघडे पडते.

ओव्हरलॉकचा टेक्स्चर्ड धागा बहुतेक वेळा एकेरी असतो. तो फुगीर केलेला असतो, त्याचे तंतू हवेच्या झोताने जागोजागी गुंतवलेले असतात, पण दोन पदर एकत्र पिळलेले नसतात. पिळून जोडलेले पदर नाहीत तिथे शिलाईच्या दोऱ्याची व्याख्या सुरूच होत नाही. असा पॉलिएस्टरचा टेक्स्चर्ड धागा ५४०२ ३३ मध्ये येतो. अपवाद लहान रिळांचा आहे. फिलामेंटचा धागा आधारासह ८५ ग्रॅमच्या आत असला, तर तो किरकोळ विक्रीसाठी मांडलेला समजून ५४०६ चा विचार करावा लागतो. ओव्हरलॉकचे कोन सहसा त्याहून बरेच मोठे असतात, तरी एक कोन काट्यावर ठेवून खात्री करा.

पुढे कधी मागवलात तर उपयोगी पडेल म्हणून एवढे सांगतो, की काचेसारखा पारदर्शक नायलॉन दोरा एकाच तंतूचा असल्याने शिलाईच्या दोऱ्यात बसत नाही. धारावीतल्या चामड्याच्या कामाला लागणारा तिपदरी बाँडेड नायलॉन मात्र अटी पाळत असेल तर खरोखरच ५४०१ १० चा असतो. रेयॉनचा भरतकामाचा धागा त्या अटींत बसला तरी तो ५४०१ १० मध्ये घालू नये. मराठीत आपण पॉलिएस्टर आणि रेयॉन दोन्हींना कृत्रिम धागा म्हणतो. शुल्कसूची मात्र रसायनांपासून घडवलेले पॉलिएस्टर व नायलॉन एका बाजूला आणि लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून काढलेले रेयॉन दुसऱ्या बाजूला ठेवते. भाषांतराच्या या घोळात पुष्कळ चुकीची बिले भरली गेलेली मी पाहिली आहेत.

'पण दर तर सारखाच असेल, मग एवढा काथ्याकूट कशाला?' असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. आज दोन शीर्षकांचा मूळ दर जुळला, तरी अधिसूचनेतील सवलत, अँटी-डंपिंग शुल्क (परदेशी माल फार स्वस्तात ओतला जाऊ नये म्हणून लावलेले जादा शुल्क) आणि आयातीवरची बंधने या गोष्टी कोड आणि वर्णन यांना धरूनच लागतात. पॉलिएस्टर स्पन यार्नवर गुणवत्ता नियंत्रण आदेश होता आणि तो सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतला. तो लागू असताना आपल्यासारखा कच्चा पांढरा माल भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएसच्या) चिन्हाशिवाय आला असता, तर प्रश्न शुल्काच्या फरकापुरता राहिला नसता, माल सोडवणेच अवघड झाले असते.

शुल्काचा हिशेबही स्वतः मांडायला शिका. मूळ सीमाशुल्काचा दर अनुसूचीत पाहावा, मग सवलतीची अधिसूचना पाहावी, आणि तो बिल ऑफ एंट्री दाखल केल्याच्या दिवशी लागू असलेला घ्यावा. बिल जहाज येण्याआधीच दाखल केले असेल, तर जहाजाला आवक परवानगी मिळाल्याची तारीख धरतात. समजण्यापुरता दर १० टक्के धरू. भाडे आणि विमा मिळवून मालाचे मूल्य १०,००,००० रुपये असेल, तर मूळ शुल्क १,००,००० रुपये, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १०,००० रुपये, आणि या सर्वांच्या बेरजेवर, म्हणजे ११,१०,००० रुपयांवर एकात्मिक जीएसटी. मानवनिर्मित धाग्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्यामुळे तो ५५,५०० रुपये होईल. यातले ५५,५०० रुपये आपल्याला क्रेडिटने परत मिळतात. १,१०,००० रुपये मात्र मालाच्या किमतीत कायमचे मिसळतात, म्हणून भावाचा विचार करताना लक्ष तिकडे हवे.

आता अडकलेल्या कंटेनरविषयी. पहिल्यांदा शंकेचे उत्तर लेखी द्या आणि त्यात तिन्ही मालांचे वर्णन वेगवेगळे करा. रंगीत कोनांपुढे 'रंगवलेला, १०० टक्के स्पन पॉलिएस्टर शिलाईचा दोरा, ४०/२, दुपदरी, अंतिम पीळ झेड, सिलिकॉन लावलेला, कोनासह वजन अमुक ग्रॅम' इतके स्पष्ट लिहा आणि त्याच पद्धतीने बाकीच्या दोन मालांचेही. सर्वोच्च न्यायालयाने नॉर्दर्न प्लास्टिकच्या १९९८ मधील निर्णयात म्हटले आहे की, मालाचे वर्णन खरे असताना एखाद्या वर्गीकरणाचा किंवा सवलतीचा दावा करणे ही आयातदाराच्या समजुतीची बाब आहे, तेवढ्यावरून चुकीची माहिती दिली असे होत नाही. हे संरक्षण वर्णन खरे आणि पुरेसे असेल तरच मिळते. 'पॉलिएस्टर दोरा' एवढ्या दोन शब्दांच्या आडोशाने ते मिळत नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत माल अडकून राहू नये म्हणून सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १८ खाली बंधपत्र देऊन तात्पुरते मूल्यनिर्धारण, म्हणजे शुल्क तूर्त ठरवून माल सोडवणे, मागता येते. तेही लांबणार असेल, तर कलम ४९ खाली माल सार्वजनिक गोदामात हलवण्याची परवानगी मागा. बंदरातला आकार थांबवण्याचा तो सरळ उपाय आहे आणि आपल्या एजंटने तो आधीच सुचवायला हवा होता. अहवालाची प्रत मागून घ्या. स्वतःकडच्या नमुन्याची तपासणी करायची असेल, तर प्रभादेवीला टेक्स्टाइल कमिटी, वरळीला सस्मिरा आणि घाटकोपरला बीटीआरए, अशा या विषयातल्या जुन्या संस्था मुंबईतच आहेत. पदर, पिळाची दिशा, तंतूचा प्रकार, फिनिशिंगचे द्रव्य आणि आधारासह वजन, या पाचही गोष्टी अहवालात याव्यात असे अर्जातच लिहा. नाहीतर 'पॉलिएस्टर १०० टक्के' एवढ्या एका ओळीचा निरुपयोगी कागद हाती येतो.

अधिकाऱ्यांनी वर सांगितलेलेच कोड लावले, तर मान्यता द्या आणि फरक भरा, त्यात कमीपणा नाही. पण त्यांनी तिन्ही माल सरसकट ५५०९ किंवा ५४०२ मध्ये टाकले, तर रंगीत कोनांपुरती मान्यता देऊ नका. आपण लेखी मान्यता दिली नाही, तर कलम १७(५) प्रमाणे त्यांना फेरनिर्धारणापासून १५ दिवसांत कारणांसह आदेश काढावा लागतो आणि त्यावर ६० दिवसांत अपील आयुक्तांकडे जाता येते. 'आत्ता भरून टाकू, मग परतावा मागू' हा मार्ग एजंट मंडळी सहज सुचवतात. परंतु २०१९ साली आयटीसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, मूळ निर्धारण अपिलात किंवा अन्य रीतीने बदलून घेतल्याशिवाय परताव्याचा दावा चालत नाही. मान्यतेची सही करून पैसे भरलेत, तर तो दरवाजा आपणच लावून घेतलात असे होईल.

हे प्रकरण मिटल्यावर, तोच माल नियमित मागवायचा असेल तर बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाउसमधल्या, माल येण्याआधीच त्याचा कोड ठरवून देणाऱ्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करावा असे मी आग्रहाने सांगेन. फी १०,००० रुपये आहे, निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि कायदा किंवा तथ्ये बदलली नाहीत तर तो कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत आपल्यावर आणि कस्टमवरही बंधनकारक राहतो. मात्र तोच प्रश्न आपल्याच प्रकरणात अधिकाऱ्यांपुढे प्रलंबित असेल, तर हा अर्ज दाखल करून घेत नाहीत. म्हणून आजचा वाद अर्धवट सोडून तिकडे धावू नका. आधी इथला आदेश हातात घ्या.

पुढच्या खेपेसाठी व्हिएतनामसारख्या आसियान देशातला पुरवठादार पाहणार असाल, तर तिथल्या मूळस्थान प्रमाणपत्रावरही बरोबर कोड असला पाहिजे. त्याखेरीज सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या नियमांनुसार तो दोरा त्या देशात कसा तयार झाला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवावी लागते आणि कागद पाच वर्षे जपावे लागतात. ऑर्डर देण्यापूर्वी त्यांच्याकडून प्रत्येक प्रकारचा एकेक नग कुरियरने मागवा, दुकानातल्या काट्यावर आधारासह ठेवा, पदर सोडवून पाहा, आणि जे दिसेल तेच इन्व्हॉइसवर लिहायला सांगा. सध्याच्या उत्तरासाठीही कंटेनरमधली एक पांढरी ट्यूब तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांसमोर वजन करून तो आकडा नोंदवून घ्या, आणि उत्तर त्यानंतरच दाखल करा.